हळद, हाडं आणि बिरादार सर

कुठलीही नवी बरणी उघडली की बिरादार सर आधी तिच्यात करंगळी बुडवतात आणि चाटतात. मग डोळे मिटून, जीभ टाळ्याला लावून ‘टक्’ असा आवाज काढतात आणि निकाल देतात. "तुरट. बरं आहे." किंवा, "ह्याच्यात माती आहे. परत पाठवा." बरणीवर कितीही ठळक अक्षरांत ‘केवळ प्रयोगशाळेसाठी’ असं छापलेलं असो.

मी त्याच कंपनीत क्वालिटीला आहे. कुणी नियम मोडला की त्याची नोंद करायची, कारण विचारायचं आणि ‘पुन्हा असे होणार नाही’ असं लिहून घ्यायचं, हे माझं काम. बिरादार सरांकडून मी हे इतक्या वेळा लिहून घेतलंय की आता ते माझ्या टेबलापाशी आले की न विचारताच पेन मागतात.

"ही सही कशाची आहे, मॅडम?"

"काल तुम्ही हिरड्याची पूड चाखलीत, तिची."

"आज अर्जुनाची साल पण चाखली. तिची इथंच करून टाकू का?"

मी करू देते. रोज दापोडीहून चाकणला जायचं आणि परत यायचं, त्यात जाताना तळेगाव चौकात आणि येताना देहूरोडला अडकायचं, एवढं झाल्यावर बाईच्या अंगात वाद घालायला काही शिल्लक राहत नाही.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या शेडांच्या रांगेत आहे. डावीकडे प्रेस शॉप, तिथं दिवसभर लोखंड कुटत असतात. उजवीकडे रंगकाम. मधे आम्ही. पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन आलेले ट्रकवाले चुकून आमच्या दारात हॉर्न वाजवतात. "इथं काय बनतं?" असं विचारलं की आमचा वॉचमन "हाडं" एवढंच सांगतो, आणि ट्रक मुकाट्याने मागे घेतला जातो.

तशी आम्ही हाडं बनवत नाही. अपघातात हाडाचा तुकडा निघून गेला, किंवा गाठ काढताना हाड कापावं लागलं, तर मधे पोकळी उरते. त्या पोकळीत बसवायला आम्ही जाळीदार तुकडे छापतो. थ्रीडी प्रिंटर पांढऱ्या लगद्याच्या बारीक शेवया एकीवर एक अशा आडव्या-उभ्या घालत जातो. शरीरातल्या पेशी त्या जाळीत शिरतात, तिथं हाड धरतं, आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. इंग्रजीत तिला स्कॅफोल्ड म्हणतात. बिरादार सर परांची म्हणतात. बिल्डिंग बांधताना बाहेरून बांबू बांधतात, ती परांची. आमचे मालक पराग सर, वयाने बिरादार सरांच्या निम्मे आणि परदेशात शिकून आलेले, त्यांनी एकदा फार अदबीने सांगितलं, "सर, पाहुण्यांसमोर परांची नको. स्कॅफोल्ड म्हणा." तेव्हापासून सर पाहुण्यांसमोर म्हणतात, "ही आमची स्कॅफोल्ड. म्हणजे परांची."

त्या लगद्यात झाडपाल्याची औषधं मिसळायची, हे सरांचं खातं. हळदीतलं सत्त्व, आणि कांडवेलीचा अर्क. कांडवेल म्हणजे चौकोनी कांड्यांची ती कुंपणावर चढणारी वेल. खेडोपाडी मोडलेल्या हाडावर अजून तिचा लेप बांधतात. जाळीतून औषध थोडं थोडं सुटावं, सूज उतरावी, हाड लवकर धरावं, अशी कल्पना. ती पराग सरांना आवडली, कारण सांगायला सोपी होती. करायला घेतल्यावर तिने सगळ्यांचा घाम काढला. हळद पाण्यात विरघळत नाही. उजेडात ठेवली तर तिचा रंग उडतो, तापवली तर कामातून जाते. कांडवेलीचा अर्क जास्त झाला की छापलेली जाळी ओल्या पापडासारखी बसते. कमी झाला तर त्याचं असणं-नसणं सारखंच. शिवाय पावसाळ्यातली वेल वेगळी निघते, उन्हाळ्यातली वेगळी.

"कधी होईल, सर?" पराग सर विचारत.

"घाई कशाला? हाड काय पळून जातंय का?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. मीटिंगला उशीर झाला, जेवायची सुट्टी संपली, बस सुटायला आली, सगळीकडे हेच. आमचा बस ड्रायव्हरसुद्धा ट्रॅफिकमध्ये अडकला की मागे वळून म्हणतो, "घाई कशाला राव, हाड काय पळून जातंय का?" आणि सर एकटेच मनापासून हसतात.

हळदीने आमची लॅब पिवळी केली. ओटे पिवळे, दारांच्या मुठी पिवळ्या, माझ्या फायलींच्या कडा पिवळ्या. प्रिंटरवर काम करणाऱ्या शिंदेला त्याच्या बायकोने विचारलं म्हणे, की रोज कुणाच्या हळदीला जाऊन येता? एकदा तपासणीला आलेले एक साहेब पांढरा शर्ट घालून ओट्याला टेकले. जाताना त्यांच्या पाठीवर आडवा पिवळा पट्टा होता. मी काही बोलले नाही. सर बोलले. "साहेब, साबण लावू नका हं, लाल होईल."

कांडवेल तर त्यांनी कंपनीच्या कुंपणभर लावली. ती वॉचमनच्या खोपट्यावर चढली, तिथून पाण्याच्या टाकीवर गेली. कच्ची कांडवेल तोंडात धरली की घसा आणि जीभ भयंकर खाजते, हे गावाकडच्या कुणालाही ठाऊक असतं. सरांनाही होतं. तरी नव्या वेलीचं पहिलं कांडं त्यांनी चावून पाहिलं. त्या दिवशी त्यांची जीभ एवढी सुजली की संध्याकाळपर्यंत ते खुणांनी बोलत होते. कंपनीत माझा तेवढा एक शांत दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डब्यातून तिचीच चटणी आणली, तुपात परतून, भरपूर चिंच घालून. "आता खाजत नाही, खा." आम्ही खाल्ली. नाही म्हणायला पुन्हा बोलावं लागतं.

प्रिंटरला ते बाईसाहेब म्हणतात. अर्कातला एखादा धागा अडकून नळी तुंबली की, "बाईसाहेबांचं नाक चोंदलंय," म्हणून बारीक सुई घेऊन बसतात. साफ करताना तिची समजूत काढत असतात. "झालं, झालं. आता मोकळं वाटेल बघ." शेजारचं प्रेस शॉप धाडधाड कोसळत असतं, आणि हा अर्ध्याहून जास्त टक्कल पडलेला माणूस यंत्राचं नाक साफ करत असतो. मी दारात उभी राहून वाट बघते, कारण मला त्यांची सही हवी असते.

बसमध्ये ते खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरच्या लोकांचं चालणं बघतात. "तो बघा. डावा गुडघा गेला." "ही बाई कमरेतून चालतीय, बरं नव्हं ते." मूळचे ते उदगीरकडचे, त्यामुळे मधूनच तिकडचा हेल येतो. एकदा मला म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, तुम्ही उजव्या पायावर जास्त भार देता."

"सर, माझी पर्स उजव्या खांद्यावर असते."

"मग पर्स काढून चाला की एकदा. बघतो."

रावेत आलं की ते उतरतात. हायवेजवळच्या उंच टॉवरांपैकी कुठल्या तरी एकात त्यांचा फ्लॅट. बायको काही वर्षांमागे वारल्या, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुणी जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी गुडघे बघून विषय बदलला असता.

मग सशांचे निकाल आले.

चाचणी बाहेरच्या एका संस्थेत झाली होती. काही सशांच्या हाडात साधी जाळी बसवली होती, काहींच्या हाडात सरांची, औषधवाली. पराग सरांनी एक्स-रे पडद्यावर लावले आणि खोलीतले दिवे घालवले.

"सर, ही साधी. ही आपली हर्बल. काही डिफरन्स दिसतोय?"

सर उठून पडद्याजवळ गेले, इतके जवळ की सशाचं हाड त्यांच्या टकलावर उमटलं.

"भरलंय की छान."

"हो, पण दोन्हीकडे सारखंच भरलंय."

"मग चांगलं आहे की. दोन्ही सशांचं भरलं."

पराग सरांनी कपाळ धरलं. ते वाईट माणूस नाहीत. तेही दमलेले असतात, फक्त त्यांचं दमणं महागड्या शर्टात असतं. त्यांनी दिवे लावले आणि हळू आवाजात सांगितलं, की औषधाने काहीच फरक पडत नसेल तर हे काम आता थांबवावं लागेल. साधी जाळी घेऊन पुढे जाऊ. दातांच्या डॉक्टरांना जबड्यासाठी ती हवीच आहे. सरांनी तिकडे यावं.

इतकी वर्षं हळद आणि वेल कुटणारा माणूस आता काय म्हणतो म्हणून आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. मला वाटलं, ‘घाई कशाला’ येईल. नाही आलं.

"बरं," सर म्हणाले. "मला उद्यापासून दोन-तीन दिवस सुट्टी मिळंल का?"

दुसऱ्या दिवशी बस रावेतला थांबली, सर चढले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सुट्टी मागितली होती हे खरं, पण फोनही बंद. कँटीनमध्ये चर्चा सुरू झाली. शिंदे म्हणाला, राजीनामा देणार. अकाउंट्सच्या मुलीने आवाज बारीक करून, घरी एकटेच असतात ना, एवढंच म्हटलं. दुपारी पराग सर माझ्या टेबलाशी आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, तुमची बस तिकडूनच जाते ना? जरा उतरून बघाल का? पत्ता फायलीतून काढून देतो. मी म्हणालो ते त्यांना फार लागलं असेल."

उतरले. दिवसभराने पाय सुजलेले, घरी पोळ्या व्हायच्या आहेत, आणि मी रावेतच्या रुंद मोकळ्या रस्त्यावरून सांत्वनाची वाक्यं जुळवत चालले होते. ‘सर, संशोधनात असं होतच असतं.’ ‘सर, दातांचं कामही महत्त्वाचं आहे.’ दोन्ही मलाच पटत नव्हती. लिफ्टमधल्या आरशात मी बघितलं, तर माझंच कुणीतरी सांत्वन करावं अशी मी दिसत होते.

लिफ्टचं दार उघडलं. समोर लांबलचक पॅसेज, आणि त्यात बिरादार सर माझ्याकडे पाठ करून उलटे चालत येत होते. दोन्ही हात पुढे पसरलेले. त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, इरकली लुगड्यातली एक उंच, वाळकी म्हातारी. ती भिंतीला बोट न लावता एकेक पाऊल टाकत होती.

"मागं बगून चाल, माणिक," म्हातारी म्हणाली. "तूच पडशील. मग मला उचलाया लागंल."

"तुम्ही पुढं बघा, मामी. खाली नका बघू. पुढं."

"पुढं बगून काय करू? पुढं तूच हायस."

मी खाकरले. सर वळले, पण हात तसेच मामींच्या बाजूला पसरलेले.

"ओव्हाळ मॅडम! बस बंद पडली का?"

"नाही सर. तुमचा फोन लागत नव्हता, म्हणून..."

"फोन मामींच्या अंघोळीच्या बादलीत पडला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. उद्यापर्यंत वाळंल."

"आम्हाला वाटलं, त्या प्रोजेक्टचं तुम्ही मनाला लावून घेतलं."

"कुठल्या प्रोजेक्टचं?" त्यांनी खरोखरच विचारलं. मग आठवलं. "हां, ते. ते डोक्यातून गेलंच होतं बघा."

माझी दोन्ही वाक्यं फुकट गेली. मला हसूही आलं आणि रागही, पण रागवायला बसावं लागतं, म्हणून आधी आत जाऊन बसले.

मामी म्हणजे त्यांच्या सख्ख्या मामांची बायको, आणि मामांचीच मुलगी केल्यामुळे सासूसुद्धा. उदगीरजवळच्या गावात मुलाकडे राहायच्या. अंगणात पडून मांडीचं हाड मोडलं. सरांनी त्यांना इकडे आणून पिंपरीत ऑपरेशन करून घेतलं, हाडात रॉड घातला, आणि तेव्हापासून त्या इथंच होत्या. आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. स्वच्छ लुगडं, तेल लावलेले केस. वेणी कुणी घातली हे विचारायची गरज नव्हती, ती सबंध डाव्या कानाकडे गेली होती.

सर चहा ठेवायला आत गेले. मामींनी माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"कुठून आलाव, बाई?"

"कंपनीतून. आम्ही एकत्र काम करतो."

"लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय. दोन मुलं आहेत."

"असू द्या, असू द्या," मामी मोठ्या मनाने म्हणाल्या, आणि नव्याने विचार करू लागल्या. "दुसरी कोन हाय का वळखीची? ह्याला बगा एखादी. माजी मंगल गेली तवाच म्हनले मी, कर बाबा दुसरं. ऐकत न्हाई. जावई म्हनून न्हाई सांगत, पोरगं गुनाचं हाय. खुळं हाय जरा, पर गुनाचं हाय."

"मामी, साखर किती?" आतून आवाज.

"रोज इचारतोस, रोज तेवढीच!" मामी ओरडल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मी आता चालले गावाकडं. गुरवारी लेक येतोय न्यायला. जावयाच्या घरी किती ऱ्हायचं? आन हितं वर बसून करू काय? खाली बगितलं तर मानसं मुंगीएवढी."

कप आणायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. सर चहाकडे बघत उभे होते.

"मामी गुरुवारी जाणार म्हणतात."

"हो. डॉक्टर म्हणाले, हाड भरलं, आता न्यायला हरकत नाही. पण त्यांच्या घराला पायऱ्या आहेत, मॅडम. दगडी, उंच उंच. कठडा नाही. मेव्हणा दिवसभर शेतात, त्याची बायको शाळेत शिकवायला जाते. धरायला कोण आहे तिथं? म्हणून म्हटलं, पायऱ्या शिकवूनच पाठवावं. त्यासाठी सुट्टी घेतली."

"राहू द्या की मग त्यांना इथंच."

"म्हटलं मी तसं. त्यांना नाही करमत."

"आणि तुम्हाला?"

"मला काय?" त्यांनी गाळणं धरलं. चहा थोडा ओट्यावर सांडला, तो पुसला. मग ओट्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मंगल गेल्यापासून ह्या घरात मला नावानं कुणी हाक मारली नव्हती, मॅडम. कंपनीत सर, सोसायटीत अंकल. ह्या सकाळी उठल्यापासून माणिक, माणिक सुरू करतात. पहिल्यांदा तर मी दचकायचो."

मी कप उचलले. एवढी वर्षं एका बसने जाऊन-येऊन मला त्यांचं नाव माणिक आहे हे कागदावर ठाऊक होतं, एवढंच.

चहा झाल्यावर पायऱ्या. लिफ्टच्या शेजारचा जिना कुणी वापरत नाही, त्यावर धूळ होती. सरांनी खालच्या काही पायऱ्या आधीच झाडून ठेवल्या होत्या. मामींनी लुगडं आवरलं, कठड्याकडे एकदा बघितलं आणि हात तिकडे नेला नाही. गावाकडे कठडा नव्हता ना. चांगला पाय वर, मग दुसरा. सर एक पायरी खाली, दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या दोन बाजूंना, न टेकवता धरलेले.

दोन पायऱ्या झाल्यावर मामी थांबल्या.

"हात काढ, माणिक."

"असू द्या, मामी. लावत नाही मी."

"लावत न्हाईस तर काढ की. तितं कुनाचे हात असनारेत?"

सरांनी हात काढले. मामी एकेक करत वर गेल्या, मधे जरा डगमगल्या, सावरल्या, आणि वळणावरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. वळून बघितलं. धाप लागली होती, पण चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा.

"बगितलं का?"

"बघितलं, मामी. छान झालं."

सर खाली उभे होते. हात आधी पाठीमागे बांधले, मग खिशात घातले, मग पुन्हा बाहेर काढले. मी पर्स उचलली आणि निघते म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते वरती बघत होते. पराग सरांना काय सांगायचं, हे मी लिफ्टचं बटण दाबता दाबता ठरवत होते. ठीक आहेत, एवढं सांगून भागणार होतं.

"माणिक," वरून मामींचा आवाज आला. आता जरा बारीक झालेला. "चढले खरी. आता उतरू कशी रं?"

आणि बिरादार सर दोन-दोन पायऱ्या टाकत वर धावले.